शिक्षणमंत्री शिवाजीनगरला गेले आहेत

रॉयल हेरॉन काउंटीच्या शिक्षणमंत्रिपदी माझी एकमताने निवड झाली. विरोधात एकही मत पडलं नाही. टाळ्या झाल्या, पेढे मागवायला कुणी तयार नसल्यामुळे खाऱ्या शेंगदाण्यांची पाकिटं वाटण्यात आली, आणि 'नवनिर्वाचित मंत्र्यांनी सभेचे भावपूर्ण शब्दांत आभार मानले' असं वाक्य इतिवृत्तात नोंदवण्यात आलं.

असं काहीही घडलेलं नाही. वाचकांनी वरचा परिच्छेद वाचलाच नाही असं समजून पुढे जावं. काउंटीत आम्ही सगळे असंच पुढे जातो.

बंगळुरात सर्जापूर रोडवरून जाताना बावीस टॉवर एकमेकांच्या खिडकीत डोकावताना दिसले की ती आमची काउंटी. हेरॉन म्हणजे बगळा. माहितीपत्रकात तळं होतं आणि तळ्यात बगळा होता. ताबा मिळाला तेव्हा तळ्याच्या जागी पार्किंग निघालं, पण बिल्डर शब्दाचा पक्का. त्याने दोन मजली उंचीचा फायबरचा बगळा बसवून दिला. तो एका पायावर उभा आहे. त्याच्या मागेच कार्यकारिणीची खोली आहे, आणि तिथे आलेली कामंही त्याच्याकडे बघून एका पायावर उभं राहायला शिकली आहेत.

काउंटीची लोकसंख्या अकरा हजार आहे. पॅसिफिक महासागरात एवढ्या वस्तीचे देश असतात, त्यांना झेंडा असतो. तेव्हा नुसती सोसायटी म्हणवून घेणं कार्यकारिणीला कमीपणाचं वाटलं आणि सभासदांना मंत्री म्हणण्याचा ठराव झाला. पाणीमंत्री टँकर बोलावतात. लिफ्टमंत्री लिफ्ट बंद आहे असं कळवतात. श्वानमंत्री आहेत. शिक्षणमंत्रीही आहेत, कारण काउंटीत सव्वीसशे मुलं, सतरा शाळांच्या बस आणि प्रत्येक मजल्यावर किमान एक अबॅकस आहे. सभेचं कामकाज इंग्रजीत होतं, भांडण हिंदीत, आणि निर्णय नंतर लिफ्टमध्ये कन्नडमध्ये.

सर्वांच्या वर अध्यक्ष रघुपतीराव. बंगळुरात मुरलेल्या जुन्या मराठी घराण्यातले. त्यांचे पूर्वज साडेतीनशे-पावणेचारशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इथं आले आणि घोड्यांना पार्किंग मिळालं म्हणून राहिले, असं ते स्वतः सांगतात. बत्तीस वर्षं एका सरकारी खात्यात काढल्यामुळे त्यांना कुठल्याच कागदाची घाई नसते. मी पुण्याहून आलेला, टॉवर एफमध्ये चौदाव्या मजल्यावर एकटा राहणारा भाडेकरू. पण मराठी कानावर पडल्यापासून ते मला घरचा समजतात. म्हणजे कामं सांगतात.

आता निवडणुकीची पद्धत. सर्वसाधारण सभेला एक दशांश गणसंख्या लागते. येतात सत्तावीस जण. मग सभा अर्ध्या तासासाठी तहकूब होते, आणि अर्ध्या तासाने तेच सत्तावीस जण नियमानुसार पुरेसे होतात. या अर्ध्या तासात त्यांना नेमकं काय होतं, ते कायद्यालाच ठाऊक. त्यानंतर मंत्री निवडायचे. हजर असलेल्याचं नाव पुढे केलं की तो नको म्हणतो, त्याची आई आजारी निघते, त्याचं परदेशी क्लायंटकडे ऑनसाइट निघतं. गैरहजर माणूस नको म्हणत नाही. म्हणून काउंटीत पहिल्यापासून गैरहजर माणसालाच निवडतात. भाडेकरूला मत देता येत नाही, पण निवडून येण्यापासून त्याला वाचवायचं नियमावली लिहिणाऱ्याला सुचलं नाही.

सभा होती त्या नऊ तारखेच्या रविवारी सकाळी मी मिक्सरचं भांडं दुरुस्त करून आणायला शिवाजीनगरला, म्हणजे पुण्यातल्या नव्हे, बंगळुरातल्या, गेलो. गेट क्रमांक दोनवर 'द्वारपाल' अ‍ॅपने माझा चेहरा टिपला आणि 'बाहेर, १०:१२' अशी नोंद केली. दुपारी परतताना रिक्षावाल्याने बेळ्ळंदूरच्या कोंडीत माझ्याकडे बघितलं, कोंडीकडे बघितलं, आणि मला उतरवलं. समोर आमच्याच काउंटीचा पाण्याचा टँकर उभा होता. ड्रायव्हर ओळखीचा. मी भांडं मांडीवर घेऊन त्याच्या शेजारी बसलो आणि गेट क्रमांक चारमधून आत आलो. चार नंबरवर चेहरे टिपत नाहीत, टँकर टिपतात. त्या दिवशीच्या नोंदीनुसार काउंटीत सहा हजार लिटर पाणी आलं. त्यात मी होतो.

लिफ्टमध्ये फोनवर संदेश आला. 'अभिनंदन! आपण शिक्षणमंत्री झाला आहात.' खाली शेंगदाण्यांचं चित्र होतं.

संध्याकाळी सी टॉवरमधल्या कस्तुराबाई कागद घेऊन दारात उभ्या राहिल्या. बाई निपाणीकडच्या. सीमाभागातल्या सरकारी शाळेत चौतीस वर्षं मराठी आणि कन्नड दोन्हीत पाढे म्हणवून घेतल्यावर मुलाकडे राहायला आल्या, आणि आठ दिवसांत कंटाळून त्यांनी सी टॉवरच्या तळमजल्यावरच्या रिकाम्या खोलीत वर्ग सुरू केला. काउंटीत झाडू मारणाऱ्या, पहारा देणाऱ्या आणि टँकर चालवणाऱ्या माणसांची एकोणीस मुलं. शाळा सुटली की आईबापांची पाळी संपेपर्यंत ही मुलं तिथं बसतात. रविवारीही, कारण काउंटीला रविवारी जास्त कचरा होतो.

खोलीची परवानगी महिन्यामहिन्याने घ्यावी लागे, आणि तिच्यावर शिक्षणमंत्र्यांची सही लागे. तीस तारखेच्या संध्याकाळी पाचपर्यंत सही झाली नाही तर ती खोली श्वान सौंदर्य केंद्राला जायची होती. तसा ठराव झालेला होता. पुढच्या महिन्याच्या चौदाला सरकारी निवासी शाळेची प्रवेश परीक्षा होती. वर्गातली पाच मुलं बसणार होती. त्यातली अनुषा ही आमच्या मजल्याचा व्हरांडा पुसणाऱ्या पद्मावतीची मुलगी, आणि तिचा नंबर लागेल याची बाईंना खात्री होती.

"सही कर की, मंत्री," बाई म्हणाल्या.

मी त्यांना समजावलं, की मी मंत्री नाही. सभेला मी नव्हतोच, तेव्हा ही निवड कशी ग्राह्य धरायची?

"नव्हतास म्हणूनच झालास की. असतास तर तुला कोण विचारतंय?"

मुद्दा बिनतोड होता. तरी मी सही केली नाही. सही केली की पदभार स्वीकारला असं होतं, आणि माझ्या आधीचे तिन्ही शिक्षणमंत्री फ्लॅट विकून गेले होते. एक तर सतरा बसपैकी कुठली बस गेटवर आधी उभी राहील यावर पालकांच्या बैठकीला गेला, तो तसाच परस्पर विमानतळावर गेला म्हणतात. विचार करून सांगतो, असं मी बाईंना म्हणालो. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की मला एकदम आठवीचा गृहपाठ राहिल्यासारखं वाटलं.

आठवडाभर मी सुट्टी घेऊन, गेटबाहेर न पडता विचार केला, म्हणजे सी टॉवरसमोरून जाणं टाळलं. पुढच्या रविवारी लिफ्टमंत्र्यांच्या कृपेने जिन्याने उतरावं लागलं आणि पाय तिकडेच निघाले. खोलीत एकोणीस मुलं कन्नडमध्ये सतराचा पाढा म्हणत होती. माझ्या फ्लॅटच्या वरच्या मजल्यावर एका मुलाला बुद्धिबळ, रोबोटिक्स आणि आत्मविश्वास या तिन्हींची वेगवेगळी शिकवणी आहे. सतराचा पाढा मात्र मी काउंटीत पहिल्यांदाच ऐकला. मला पाहून पाढा थांबला. बाईंनी ओळख करून दिली, की हे मंत्री. अनुषाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "मग हे बाहेर का उभे आहेत?"

मी आत गेलो आणि सही केली. पदभार तर पदभार.

कागद घेऊन मी बगळ्याच्या मागच्या खोलीत गेलो. रघुपतीरावांनी चष्मा लावला, सही उजेडात धरली, वळणाचं कौतुक केलं. मग फोन उघडून बराच वेळ बघत राहिले.

"सही बरीय रे. पण तू कुठं आहेस?"

मी म्हटलं, इथं, तुमच्यासमोर.

"तसं नव्हे. अ‍ॅप काय म्हणतंय बघ. शिक्षणमंत्री, बाहेर, नऊ तारीख, दहा बारा. तू शिवाजीनगरला गेलास तो अजून आलाच नाहीस की."

मी टँकरची हकिगत सांगितली. त्यांनी ती लक्ष देऊन ऐकली, मिक्सरचं भांडं नीट झालं का तेही विचारलं. मग म्हणाले, "माणूस खोटं बोलतो रे. अ‍ॅप कशाला बोलेल, त्याला काय फ्लॅट घ्यायचाय? जो काउंटीत नाही त्याची काउंटीतल्या कागदावर सही चालत नाही. स्वल्प अ‍ॅडजस्ट कर. बाहेर जा, चेहरा दाखवून आत ये, मग तीच सही मी घेतो. दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटांचं काम म्हणून मी गेट क्रमांक दोनवर गेलो. तिथला पर्यवेक्षक नागराज सीमाभागातल्या अथणीचा. मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही भाषांत त्याला नाही म्हणता येतं, आणि तो प्रत्येक वेळी दिलगीर असतो. त्याने माझा चेहरा टिपला. यंत्र लाल झालं.

"सर, तुम्ही बाहेर आहात."

"म्हणूनच मला बाहेर जायचंय."

"बाहेर असलेल्याला बाहेर कसं सोडू, सर? आधी आत या."

"मी आतच उभा आहे, नागराज."

"ते मला दिसतंय, सर," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत खरंच वाईट वाटल्याचं दिसलं. "मला दिसून काय उपयोग?"

टँकरने परत जाण्याचा मार्ग मी सुचवला. नागराजने सांगितलं, की टँकर रिकामा बाहेर जातो, आणि रिकाम्या टँकरमध्ये काही सापडलं तर ती पाण्याची चोरी धरतात.

आता मला माझी परिस्थिती समजू लागली. घरी असूनही माझी पार्सलं गेटवरच पडून राहू लागली, कारण अ‍ॅपच्या मते घरी कुणी नव्हतं. पाहुण्याला आत सोडायची परवानगी मी देऊ शकत नव्हतो. तो अधिकार आत असलेल्या रहिवाशाचा. बेळ्ळंदूरच्या ऑफिसला मी कळवलं, की मी बाहेर असल्यामुळे मला बाहेर पडता येत नाही. त्यांनी हे मनुष्यबळ विभागाकडे पाठवलं आणि विभागाने घरून काम मंजूर केलं. कस्तुराबाई रोज दुपारी भाकरी आणि झुणका पाठवत. डब्यावर चिठ्ठी असे: 'सही चालेल तोवर हात चालू दे.'

तेवीस तारखेला रघुपतीरावांनी तोडगा काढण्यासाठी बैठक बोलावली. बाई होत्या, मी होतो, म्हणजे नव्हतो, आणि श्वानमंत्री संपदा होत्या. संपदा काउंटीतल्या एकमेव मंत्री ज्या स्वतः उभ्या राहून निवडून आल्या. चारशे बारा कुत्र्यांची अ‍ॅपमध्ये फोटोसकट नोंद आहे, लसीकरणासकट, स्वभावासकट. एकोणीस मुलांची नोंद नाही, कारण ती रहिवासी नाहीत, पाहुणे नाहीत आणि पार्सलही नाहीत.

"लुक, आय अ‍ॅम नॉट अगेन्स्ट एज्युकेशन," संपदा म्हणाल्या. "पण माझं सगळं पेपरवर्क डन आहे. तुमच्याकडे एक साइन नाहीये."

हे खरंच होतं. काउंटीत नियमाने वागणाऱ्या संपदा एकट्याच, आणि त्यांचं कुणाशी वैर नव्हतं. त्यांनीच मग मार्ग सुचवला. श्वान केंद्रात दुपारी साडेतीन ते पाच 'प्रशिक्षण' म्हणून जागा रिकामी होती. मुलांची त्याखाली नोंद करावी. फक्त फोटो, लसीकरण आणि स्वभाव एवढंच भरायचं. रघुपतीराव म्हणाले, सरी, म्हणजे ठीक, हे बसतंय. ते फॉर्म काढायलाही उठले.

कस्तुराबाई शांतपणे म्हणाल्या, "माझी पोरं सतराचा पाढा म्हणतात. तुमच्यातलं कोण म्हणतंय, त्याला बोलवा. मग एकत्र बसवते."

बैठकीत कुणालाच येत नव्हता. कुत्र्यांचं विचारलं नाही.

उरला एकच उपाय: नवा शिक्षणमंत्री, जो नोंदीप्रमाणे आत असेल. त्यासाठी तीस तारखेला, रविवारी, दुपारी बारा वाजता विशेष सर्वसाधारण सभा ठरली. सूचनेत नेहमीचं एकच वाक्य होतं: 'गैरहजर सभासदांमधून निवड करण्यात येईल.' ते वाक्य इतकी वर्षं कुणी वाचलं नव्हतं. या वेळी वाचलं, कारण माझी बातमी तोपर्यंत बावीस टॉवरांत पसरली होती, की जो माणूस सभा चुकवतो तो मंत्री होतो, आणि मंत्री होतो तो शिवाजीनगरहून परत येत नाही.

तीस तारखेला काउंटी लोटली. लोकशाहीवर एवढं प्रेम या रस्त्यावर कुणी पाहिलं नसेल. सकाळी सातपासून लिफ्टसमोर रांगा. सभागृह भरलं, टेनिस कोर्ट भरलं, मग लोक पोहण्याच्या तलावात उतरले आणि पाण्यात उभे राहून हजर झाले. दुबईहून तीन मालक विमानाने आले. एक जण लग्नाच्या मांडवातून आला. मुंडावळ्या बांधलेल्या होत्या, मागून वधू हजेरीच्या वहीत सही करत होती. हेब्बाळच्या इस्पितळातून एका आजोबांना सलाइनसकट आणलं आणि 'हजर' म्हणायला लावून परत नेलं. सर्जापूर रोडवरची वाहतूक आयुष्यात पहिल्यांदा एकाच दिशेने चालली: आत. सभा तहकूब करायचं कारणच उरलं नाही. तो अर्धा तास काय करावं ते रघुपतीरावांना सुचेना, म्हणून ते नुसतेच बसून राहिले.

मग हजेरी सुरू झाली. तीन हजार एकशे अठ्ठावीस फ्लॅट. ए एकशे एक, हजर. ए एकशे दोन, हजर. दोन वाजता के टॉवर संपला. माणसं उन्हात उभी होती, पण एकही हलेना. हलला तो मंत्री. माझ्या फ्लॅटचा मालक माझ्या शेजारी उभा राहून हजर म्हणाला आणि नंतर कुजबुजत मला विचारलं, की मी शिवाजीनगरहून कधी येणार. साडेतीन झाले. सगळे हजर. रघुपतीराव घामाने भिजले. गैरहजर कुणीच नाही, म्हणजे मंत्री कुणीच नाही, म्हणजे सही नाही. संपदा मुकाट्याने मोजपट्टी घेऊन सी टॉवरकडे गेल्या.

चार वाजून दहा मिनिटांनी फेरतपासणीत एक फ्लॅट सापडला. टॉवर सी, तीनशे चार. मुलगा हजर होता, पण तो सहमालक. पहिलं नाव आईचं, आणि आईच्या नावापुढे खूण नव्हती.

अकरा हजार माणसांनी एकदम श्वास सोडला. कस्तुराबाई गैरहजर होत्या, कारण त्या वर्ग घेत होत्या.

ठराव मांडला, अनुमोदन आलं, एकमताने मंजूर. टाळ्यांनी कबुतरं उडाली. मी धावत खोलीवर गेलो. बाई फळ्याशी होत्या. मी म्हणालो, बाई, तुम्ही मंत्री झालात, चला, पाचच्या आत सही करा. बाईंनी हात वर करून मला थांबवलं. अनुषा भागाकार करत होती आणि बाकी उरत होती. ती बाकी कुठून आली हे कळेपर्यंत बाई हलल्या नाहीत. मग पदराला खडू पुसत माझ्याबरोबर निघाल्या, आणि चार वाजून बेचाळीस मिनिटांनी त्यांनी शिक्षणमंत्री म्हणून स्वतःच्या वर्गाला परवानगी देणारी सही ठोकली. ती सही गोल, सुटी आणि वाचता येणारी होती. काउंटीच्या दप्तरात अशी सही पहिलीच.

रघुपतीरावांनी कागद घेतला. त्यांनाही ते व्हायला हवं होतं. पण बत्तीस वर्षांची सवय डोळ्यांच्या आधी वाचते.

"अक्का," ते म्हणाले, "अर्जदार पण तूच, मंजुरी देणारी पण तूच. हे कसं बसवू?"

"मग अर्जावर ह्याचं नाव घाल," बाईंनी माझ्याकडे बोट केलं.

"हा शिवाजीनगरला आहे, अक्का."

"मग मंत्रिपद काढून घे."

"ते सभेतच काढता येतं." त्यांनी मान वळवली. आम्हीही वळवली. जिथं अकरा हजार माणसं होती तिथं शेंगदाण्यांची पाकिटं उडत होती. काउंटी दोन मिनिटांत रिकामी झाली होती. लिफ्टसुद्धा चालू होत्या.

पाच वाजून पाच मिनिटांनी सी टॉवरच्या खोलीत केस वाळवायचं यंत्र सुरू झालं. आत पहिला आलेला एक गोल्डन रिट्रीव्हर होता आणि तो स्वतः जरा ओशाळल्यासारखा बसला होता. फळा काढला नाही. त्यावरचा भागाकार पुसायला कुणी धजावलं नाही. संपदांनी त्याच्याखाली लिहिलं, 'कृपया वाट पाहा.'

तेव्हापासून वर्ग बगळ्याच्या पायाशी भरतो. बगळा हे शिल्प आहे, आणि शिल्पमंत्री अजून कुणी गैरहजर राहून झालेला नाही, त्यामुळे तिथून उठवायचा अधिकार कुणाला नाही. पण पावसाळी ढग आले की बाई वर बघतात. बगळ्याला एकच पाय आहे. त्याच्या आडोशाला चार मुलं मावतात. उरलेली पंधरा पाढे म्हणता म्हणता भिजतात. अनुषाने नकाशावही डोक्यावर धरून अपूर्णांक पुरे केले. परीक्षेला बारा दिवस उरले आहेत.

काल रघुपतीरावांनी मला बोलावून घेतलं. या वेळी त्यांनी फोन उघडला नाही. म्हणाले, बाळ, एक माणूस शोधून दे. तो अर्जदार नको, सभेला हजर नको, शिवाजीनगरला गेलेला नको, आणि मुख्य म्हणजे त्याने नाही म्हणता कामा नये. असा एक मिळाला तर मी विशेष अधिकारात त्याची अक्काच्या जोडीला निवड करतो आणि त्याच्या सहीची तारीख मागे तिसावर ओढतो. एवढं तर मला येतं.

मी रात्रभर नव्हे, चहा होईपर्यंत विचार केला. हजेरीची वही पुन्हा पाहिली. काउंटीतलं प्रत्येक नाव हजर होतं. बाहेरच्यांत पाहिलं, तेव्हा तुम्ही दिसलात. तीस तारखेच्या सभेला तुम्ही नव्हतात. काउंटीत तुम्हाला कुणी ओळखत नाही, तेव्हा हितसंबंध नाही. आणि पहिल्या ओळीपासून इथपर्यंत तुम्ही आलात, दोन-तीनदा हसलात, मुलं भिजली तिथं तुम्हाला वाईटही वाटलं असेल, पण मध्ये एकदाही 'नाही' म्हणाला नाहीत. काउंटीच्या नियमाने याला संमती म्हणतात.

सबब कळवण्यात येते, की रॉयल हेरॉन काउंटीच्या शिक्षणमंत्रिपदी आपली एकमताने निवड झाली आहे. आपण सभेचे भावपूर्ण शब्दांत आभार मानले आहेत.

तरी नम्र विनंती, की आपण हे वाचून खाली न ठेवता परीक्षेच्या आत कोणत्याही दिवशी दुपारी साडेतीन ते पाच या वेळेत गेट क्रमांक दोनवर समक्ष यावे व सोबतच्या अर्जावर एक सही करावी. आपल्या प्रवेशास मंजुरी टॉवर एफ, फ्लॅट चौदाशे तीन येथून देण्यात येईल. सदर फ्लॅटधारक शिवाजीनगरला गेलेले असल्याने, ते परत येईपर्यंत आपण गेटवर थांबावे. पेन स्वतःचे आणावे.